समुपदेशक निवडताना पहिला फोन आणि पहिल्या तीन भेटी

पत्र (थोडं आटोपशीर करून):

"वय २९. राहणार रामबाग, इंदूर. विजयनगरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. सहा महिन्यांपासून रविवारी संध्याकाळ झाली की छातीत धडधड सुरू होते, हात गार पडतात. पहाटे साडेतीनला जाग येते आणि मग झोप नाही. ईसीजी नॉर्मल आला, फॅमिली डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. आत्याच्या ओळखीच्या एका समुपदेशक बाईंकडे दोनदा गेले. त्या म्हणाल्या, लग्न झालं की आपोआप ठीक होईल. वर तिथे बोललेली एक गोष्ट आठवड्याभरात आईच्या कानावर आली. आता कुणाकडे जायची हिंमत होत नाही. ऑफिसकडून सहा भेटी फुकट मिळतात. चुलतबहीण म्हणते पुण्याची ऑनलाइन घे. नेटवर पाहिलं तर फी ८०० पासून २५०० पर्यंत आणि प्रत्येकाच्या नावापुढे वेगळी अक्षरं. मराठीच माणूस हवा का? योग्य माणूस भेटला हे कळणार कसं? आणि हे सगळं घरी न कळता जमेल का?"

नमस्कार,

आधी आईच्या कानावर गेलेल्या गोष्टीबद्दल. तो प्रकार चुकीचाच होता आणि तुम्ही तिथे जाणं थांबवलंत ते बरं केलंत. समुपदेशकाकडे बोललेलं तिथेच राहायला हवं. अपवाद मोजके आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असणं, कोर्टाचा आदेश, आणि लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती कळवावीच लागते. 'आपलीच मुलगी आहे, आईला कळलं तर बरंच' हे त्यात कुठे बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात २३ व्या कलमाने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवलेला आहे, आणि २९ वर्षांच्या बाईची आई त्या हक्काच्या आड येत नाही.

असं का घडलं ते इंदुरात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, कुठेही जा, कोण कुणाची मावसजाऊ हे दोन वाक्यांत निघतं. गणपतीत तीच माणसं, भिशीत तीच, हळदीकुंकवाला तीच. ओळखीने भाड्याचं घर मिळतं, सोनार घडणावळ कमी करतो. पण समुपदेशकाची तुमच्या घराशी ओळख असली की त्याच्या डोक्यात तुमच्याबद्दल आधीच एक मत असतं, आणि पुढच्या कार्यक्रमात आत्या समोर आल्यावर त्याला एक तर खोटं बोलावं लागतं, नाही तर गप्प राहून संशय ओढवावा लागतो. म्हणून पहिली चाळणी हीच: तुमच्या घराशी, नातेवाइकांशी, मंडळाशी संबंध नसलेला माणूस. फोनवर सरळ विचारा. चांगला समुपदेशक स्वतःच सांगतो की ओळख निघतेय, मी दुसरं नाव देतो.

आता नावापुढची अक्षरं. यात फार अडकू नका, पण तीन प्रकार ठाऊक असू द्या.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषध लिहायचा अधिकार या तिघांत फक्त त्याचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेला अभ्यासक्रम करून तिथे नोंदणी केलेला माणूस. आजवर हा अभ्यासक्रम मुख्यतः दोन वर्षांचं एम.फिल. राहिला आहे. तो तपासणी, चाचण्या आणि मानसोपचार करतो. समुपदेशक हा शब्द मात्र आपल्याकडे मोकळा आहे. मानसशास्त्रात एम.ए. करून देखरेखीखाली चार वर्षं काम केलेली बाईही समुपदेशक, आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून कार्ड छापणारा गृहस्थही समुपदेशक. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात या मंडळींचा समावेश झाला आहे, पण त्यावर विसंबून आज निवड करता येत नाही. नावाआधीच्या 'डॉ.'वरूनही काही ठरत नाही. ती पीएच.डी. असू शकते, होमिओपॅथीची पदवीही असू शकते.

कुणी आरसीआय नोंदणी सांगितली तर क्रमांक मागून घ्या आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा. इथे एक गफलत नेहमी होते. आरसीआय श्रवणतज्ज्ञ, वाचा-उपचारक, विशेष शिक्षक यांचीही नोंदणी करते. तेव्हा नुसता क्रमांक खरा असून भागत नाही, त्यापुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असं लिहिलंय का आणि नोंदणीची मुदत संपली नाही ना, हे दोन्ही पाहा. या खटपटीचा दुसरा फायदा असा की उद्या पुन्हा कुणी तुमचं बोलणं बाहेर नेलं, तर तक्रार कुठे करायची हे ठरलेलं असतं. बिननोंदणीच्या माणसाविरुद्ध दाद मागायला फारसं ठिकाण नाही. एम.ए. झालेला चांगला समुपदेशक निवडायला हरकत नाही, तिथे नोंदणीऐवजी अनुभव आणि देखरेख यांची चौकशी करायची.

समुपदेशकाच्या आधी एक काम उरकून घ्या. ईसीजी झालाय, त्याच्या जोडीला टीएसएच (थायरॉइडची), हिमोग्लोबिन आणि बी-१२ या रक्तचाचण्या करा. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली तर धडधड, घाम, झोप उडणं हे सगळं त्यानेच होऊ शकतं, आणि मग वर्षभर बोलून उपयोग होत नाही. दिवसाला किती चहा-कॉफी होते तेही लिहून ठेवा. पहाटे साडेतीनची जाग आणि मन सतत उदास, कशातच रस नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर एकदा मनोविकारतज्ज्ञाला भेटाच. त्याच्याकडे गेलं म्हणजे गोळ्या सुरू झाल्याच असं नसतं. गोळ्या दिल्या तर साधारण दोन ते चार आठवड्यांनी गुण दिसू लागतो, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. मेडिकलवाल्याकडून 'हलकी झोपेची गोळी' मात्र घेऊ नका. तिची सवय लागते, आणि मूळ त्रास तसाच राहतो.

यादी तीन नावांपेक्षा मोठी करू नका. तिघांना भेटीआधी दहा मिनिटं फोन करा, हिंदीत किंवा मराठीत. म्हणायचं एवढंच: "मला सहा महिन्यांपासून अचानक धडधड आणि घबराट होते, पहाटे झोप उडते. अशा त्रासावर तुम्ही काम करता का, आणि कसं करता?"

मग ऐका. "सगळ्या प्रकारच्या समस्या बघतो" हे उत्तर कच्चं. "हो, बघते. सहसा सीबीटी वापरते, आठवड्याला एक भेट, बारा ते सोळा भेटींचा अंदाज धरा, मध्ये घरी करायचा अभ्यास असतो, आधी एक-दोन भेटींत नीट समजून घेईन" हे उत्तर पक्कं. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धत. पद्धतीचं नाव सीबीटीच असायला हवं असं नाही. आपल्या लोकांत तिच्याच जातकुळीची आरईबीटीही बरीच चालते. पण तिला स्वतःची पद्धत साध्या शब्दांत सांगता यायला हवी. पुढचे प्रश्न लहान आहेत. शिक्षण कुठे, किती वर्षं काम करता, तुमच्या कामावर कुणा ज्येष्ठाची देखरेख असते का, भेट किती मिनिटांची (४५ ते ६० असते), फी किती, आयत्या वेळी रद्द केली तर काय. देखरेखीच्या प्रश्नाने कुणी चिडलं तर ते नाव खोडा. ज्यांना आपल्या कामाबद्दल खात्री असते त्यांना हा प्रश्न आवडतो.

मराठीचं म्हणाल तर आग्रह धरू नका. इंदूरचा मराठी माणूस घरी मराठी बोलतो, ऑफिसात हिंदी-इंग्रजी, आणि भांडण तापलं की कधीकधी हिंदीतच घसरतो. तुम्हाला एकटीला असताना मनात जे शब्द येतात ते कुठल्या भाषेत येतात ते बघा. 'घबराहट होतेय' असं येत असेल तर हिंदीत काम करणारी बाई उत्तम चालेल, शिवाय ती तुमच्या आत्याच्या गोतावळ्यात असण्याची शक्यताही कमी. बालपणाबद्दल, आजी-आईबद्दल बोलताना मराठीच येत असेल तर फोनवरच विचारा, मध्ये मराठी बोलले तर कळेल का? इंदुरात पुष्कळांना कळतं. घरात मुलीच्या लग्नावरून चालणारी कुजबुज, मोठ्यांपुढे न बोलणं, हे मात्र समजावून सांगावं न लागणारा माणूस हवा. त्याला मराठी असायची गरज नाही.

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ प्रश्न तिचेच असतील: कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, झोप, भूक, घरात आणखी कुणाला असा त्रास, आधीची औषधं, दारू-सिगारेट, जगणं नकोसं झाल्याचे विचार. शेवटचा प्रश्न ऐकून घाबरू नका, तो न विचारणाऱ्यापासून उलट जपून राहा. सुरुवातीलाच गोपनीयता आणि तिचे अपवाद सांगितले गेले पाहिजेत. नोंदी कुठे ठेवता, कोण पाहतं, हे तुमच्या अनुभवानंतर तुम्ही विचारणं अगदी रास्त आहे. कदाचित एक-दोन प्रश्नावल्या भरायला देतील. उदासीनता मोजणाऱ्या पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न असतात, ० ते २७ गुण; चिंता मोजणाऱ्या जीएडी-७ मध्ये सात प्रश्न, ० ते २१. दोन्ही गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, आणि १० किंवा त्याहून जास्त गुण आले की त्रास मध्यम किंवा जास्त धरतात. गुणांवरून निदान पक्कं होत नाही. पण तो आकडा स्वतःकडे लिहून ठेवा, सहाव्या भेटीला कामी येतो.

पहिल्याच दिवशी सगळं ओतू नका. पन्नास मिनिटांत आयुष्यभराचं सांगून टाकायचं आणि मग दुसऱ्या भेटीला जायचीच लाज वाटायची, असं फार जणांचं होतं. "याबद्दल पुढे बोलेन, आज नको" हे वाक्य चालतं. ते ऐकल्यावर समोरचा थांबतो की खोदत राहतो, त्यावरूनही त्याची पारख होते.

मग ओळखायचं कसं? एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले, आणि पडताळा घ्यायला ते आजही सोपे आहेत. एक, कशासाठी जातोय यावर दोघांचं एकमत. दोन, त्यासाठी काय करायचं यावर एकमत. तीन, माणसाबद्दल विश्वास. आपल्याकडे लोक तिसऱ्यावरच निवड करतात, 'बाई फार गोड आहेत' म्हणून. गोड असणं चांगलंच, पण तिसऱ्या भेटीअखेर तुमच्या शब्दांत एक उद्दिष्ट लिहिलेलं असायला हवं. 'मन शांत होणं' असं ढोबळ नको. 'रविवारी संध्याकाळी मैत्रिणींबरोबर बाहेर जाता येणं, आठवड्यातून पाच रात्री सहा तास झोप' असं मोजता येणारं हवं. आधीच्या बाईंनी तुमच्यासाठी लग्न हे उद्दिष्ट परस्पर ठरवलं, ते पहिल्याच भागात गडगडलं.

दुसरा भाग तुमच्या त्रासाच्या बाबतीत कसा दिसतो ते जवळून सांगायला हवं, कारण बरेच जण नेमके तिथे पळ काढतात. तुमचा त्रास पॅनिकचा, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांचा आहे की सोमवारच्या कामाच्या धास्तीचा, हे पत्रावरून ठरवता येत नाही. पॅनिकचा निघाला तर काम साधारण असं चालतं. धडधड झाली की मनात येतं, आता काही तरी होणार, त्या भीतीने शरीर आणखी अ‍ॅड्रेनलिन सोडतं, धडधड वाढते, भीती खरी वाटते. मग माणूस दाराजवळ बसायला लागतो, लिफ्ट टाळतो, पाण्याची बाटली आणि फोन हातातून सुटू देत नाही. या टाळाटाळीनेच दुखणं टिकून राहतं. आधी आठवडाभर तक्ता भरायचा: वेळ, जागा, मनात आलेलं वाक्य, भीती ० ते १०० पैकी किती, आणि तेव्हा काय केलं. पुढे, हृदयाचं किंवा दम्याचं काही नाही ना याची खात्री करून, तुमच्याकडून मुद्दाम धडधड आणवतात. मिनिटभर जागच्या जागी धावायचं, दोन मजले भराभर चढायचे, फिरत्या खुर्चीत गोल फिरायचं. मग काहीही न करता बसायचं आणि ती आपोआप उतरताना पाहायची. चौथ्या-पाचव्या भेटीत हे सुरू होतं आणि लोक म्हणतात, "ही बाई तर त्रास वाढवतेय." ती आपलं काम करतेय. आधी समजावून, तुमच्या होकाराने, सोप्यापासून अवघडाकडे नेत असेल तर टिकून राहा. न सांगता ढकलत असेल तर थांबवा.

जमत नाही असं वाटलं तर न सांगता गायब होण्याआधी एकदा बोलून पाहा: "गेल्या वेळी तुम्ही लगेच उपाय सांगितलेत, मला आधी ऐकून घ्यायला हवं होतं." जाणकार माणूस हे ऐकून बदलतो आणि तिथून काम चांगलं चालतं. तो दुखावला किंवा 'तुमचाच विरोध आहे' म्हणाला तर निर्णय झाला. एका वेळी दोघांकडे मात्र जाऊ नका, आणि दर दोन भेटींना माणूसही बदलू नका. प्रत्येक जागी तीच कथा पहिल्यापासून सांगण्यातच वर्ष जातं. सहाव्या भेटीला पुन्हा प्रश्नावली भरा. आकडा हलला नसेल, रविवारही तसाच असेल, तर 'पुढे काय वेगळं करू या?' असं विचारा. आठव्या-दहाव्यापर्यंतही काही नाही, तर दुसरं नाव किंवा मनोविकारतज्ज्ञाचं मत.

काही गोष्टींवर मात्र चर्चाही नको, तिथून उठायचं: बरं होण्याची हमी, अंगाला नको तसा स्पर्श, स्वतःच्या संसाराची गाऱ्हाणी, ग्रहशांती किंवा अंगठी, डॉक्टर नसताना गोळ्या सुचवणं, आणि वीस भेटींचे पैसे आगाऊ भरा म्हणून मागे लागणं.

ऑफिसच्या सहा भेटी सुरुवातीला जरूर वापरा. आधी एचआरला नाही, तर सेवा देणाऱ्या संस्थेलाच विचारा की कंपनीला नाव कळतं की फक्त किती जणांनी वापर केला तो आकडा, आणि उत्तर ईमेलवर घ्या. दुसरं, सहा संपल्यावर त्याच व्यक्तीकडे स्वतःच्या खर्चाने जाता येतं का? येत नसेल तर त्या भेटी तपासणी आणि उद्दिष्ट ठरवण्यापुरत्या धरा, नाही तर ऐन जिने चढायच्या वेळी माणूस बदलेल.

पुण्याची ऑनलाइनही चालेल, अडचण जागेची. रामबागेतल्या जुन्या घरात भिंतीला कान असतात. ऑफिसातली छोटी बैठकीची खोली, हेडफोन, दार आतून बंद, एवढं जमत असेल तरच. ऑनलाइन घेताना समोरच्याने तुमचा पत्ता आणि अडचणीत कुणाला फोन करायचा ते नाव विचारून ठेवायला हवं. तिथे तुमच्या भरवशाची मैत्रीण द्या. प्रत्यक्ष जायचं तर घराजवळचा दवाखाना सोडा, विजयनगर-पलासियाकडचा बघा. ऑफिसातून पायी पोचता येईल अशी जागा असली की खाडे कमी होतात.

फीचा हिशेब आठवड्याचा करू नका, बारा भेटींचा करा. ८०० ने ९,६०० होतात, २५०० ने ३०,०००. महागड्याकडे चार भेटी करून पैसे संपले म्हणून थांबण्यापेक्षा झेपेल अशाकडे बारा पुऱ्या करा. सवलतीची फी असते का, हे विचारण्यात कमीपणा नाही. विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असं २०१७ च्याच कायद्यात आहे, पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, म्हणून ओपीडीची अट वाचा. सरकारी सोय हवी असेल तर बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आणि एम.वाय. रुग्णालयाची मनोविकार ओपीडी आहे. गर्दी असते, पन्नास मिनिटं मिळणार नाहीत, पण निदान आणि औषधांसाठी तिथले डॉक्टर दांडगा अनुभव असलेले. मध्येच एखादी रात्र फार जड गेली तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटायला लागला तर भेटीच्या तारखेची वाट पाहायची नाही: १४४१६ किंवा ११२, आणि घरातलं कुणी तरी एक जण जवळ.

एरवी घरी न कळता जमेल. पाहिजे त्या दिवशी तुम्ही स्वतःच सांगाल, तोवर भेट मंगळवार-बुधवारी संध्याकाळी ठेवा, रविवारी नको. घरच्यांना बहुधा कळतं ते भलत्याच वाटेने. दवाखान्याच्या नावाने येणारा आठवणीचा मेसेज लॉक असलेल्या फोनच्या पडद्यावर झळकतो, म्हणून नाव येऊ देऊ नका असं तिथे आधीच सांगा. पावती फक्त ईमेलवर मागा. आणि बाबांबरोबर जॉइंट असलेल्या खात्यातून यूपीआय करू नका, पासबुकात नाव उमटतं. पगाराच्या खात्यातून करा.